चूक कुणाची, दोष कशात?

बोम्मसंद्रा म्हणजे बंगळुरूच्या दक्षिणेला, होसूर रस्त्यावरची औद्योगिक वसाहत. 10 ऑगस्ट 2025 रोजी आर. व्ही. रोडपासून इथवर मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचं उद्घाटन झालं, त्यामुळे हे नाव आता साऱ्या शहराच्या तोंडी आहे. औषधांचे कारखाने, मशीन शॉप, सुट्या भागांचे लहानमोठे युनिट असा इथला पसारा. सोलापूर, सांगली, बेळगावकडून आलेले डिप्लोमावाले आणि इंजिनिअर या भागात भेटतात. मशीनपाशी बोलणं कन्नड, हिंदी, तमिळ अशा मिसळीत चालतं. पण काही बिघडलं की लिहायचं ते इंग्रजीत: गिऱ्हाइकाने परत पाठवलेल्या मालाचा रिपोर्ट, डेव्हिएशनची नोंद, वर्षाअखेरचा अप्रेझल फॉर्म. मिस्टेक, एरर, फॉल्ट, डिफेक्ट, फ्लॉ, ब्लेम हे शब्द तिथे सर्रास एकमेकांच्या जागी पडतात. व्याकरण चुकलं तर एक वेळ चालेल. इथे मात्र जे आपण केलंच नाही ते स्वतःच्या सहीने कबूल केल्यासारखं होतं, आणि तो कागद फायलीत राहतो.

हे का होतं ते आधी पाहू. मराठीत जबाबदारी किती आणि कुणाची, हे आपण बरंचसं क्रियापदातून सांगतो. कप फुटला आणि कप फोडला यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तुटणं-तोडणं, सुटणं-सोडणं, पडणं-पाडणं अशा जोड्या आपण लहानपणापासून विचार न करता वापरतो. शिवाय मधला एक रस्ता आहे: ‘माझ्या हातून फुटला’, ‘माझ्याकडून राहून गेलं’. माणूस हजर होता, पण त्याचा हेतू नव्हता, हे त्या एका ‘हातून’मध्ये येतं. कन्नडमध्येही ‘नन्निंद तप्पायितु’ म्हणतात, त्याची घडण तंतोतंत आपल्या ‘माझ्याकडून चूक झाली’सारखी. हिंदीतलं ‘मुझसे गलती हो गई’ही तसंच. म्हणून या पट्ट्यात ‘मिस्टेक हॅपन्ड फ्रॉम माय साइड’ हे वाक्य सगळ्यांनाच सहज सुचतं. जर्मनीतल्या किंवा अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला त्यातला ‘हातून’ ऐकू येत नाही. त्याला फक्त एक अवघडलेलं वाक्य दिसतं. इंग्रजीत ‘आय ब्रोक द कप’ हे नकळत झालेल्या गोष्टीलाही चालतं, त्यामुळे हेतू आणि जबाबदारीच्या छटा दाखवायला क्रियापद पुरत नाही. नेमकं नाम निवडावं लागतं.

आता एक प्रसंग धरू. सीएनसी मशीनवर बुश बनताहेत. ऑपरेटरला टूल ऑफसेटमध्ये 0.02 भरायचं होतं, त्याने 0.2 भरलं. पन्नास बुशांचा बोअर मोठा झाला. या एकाच घटनेत आपले बहुतेक शब्द आपापल्या जागी बसलेले आहेत.

ऑपरेटरच्या बोटाने जे केलं ती रोजच्या भाषेत मिस्टेक. मिस्टेक ही कृती असते आणि ती माणूसच करतो, यंत्र करत नाही. ‘डिड अ मिस्टेक’ हे ‘चूक केली’चं सरळ रूपांतर आहे, इंग्रजीत मिस्टेक ‘मेक’ करतात. ‘कमिट’ हे क्रियापद गुन्ह्यांच्या सोबतीने वावरतं, म्हणून साध्या चुकीला ते लावलं की प्रकरण उगाच गंभीर वाटतं.

मशीनमध्ये जी चुकीची संख्या बसली ती एरर. हा शब्द थंड आहे, त्यात माणसाकडे बोट कमी आणि फरकाकडे लक्ष जास्त. मोजमापाच्या शास्त्रात तर मेझरमेंट एरर म्हणजे वाचन आणि खरं माप यांतली तफावत, तिथे कुणी चुकलेलंच नसतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी 1990 च्या ‘ह्यूमन एरर’ या पुस्तकात आणखी बारीक विभागणी केली. बेत बरोबर होता पण हात घसरला, तर स्लिप. करायचं लक्षात राहिलं नाही, तर लॅप्स. बेतच चुकीचा होता, तर मिस्टेक. आणि नियम ठाऊक असून मुद्दाम मोडला, तर व्हायोलेशन, हा कप्पा पूर्ण वेगळा. आपला ऑपरेटर या हिशेबाने स्लिपमध्ये येतो. ही विभागणी मला फार मोलाची वाटते, कारण उपाय प्रत्येकाचा निराळा आहे. स्लिप झालेल्याला पुन्हा ट्रेनिंग देऊन काही साधत नाही, त्याला काम येतच होतं.

बोअर मोठा झालेला बुश म्हणजे डिफेक्ट, निदान मशीनपाशी तरी. कागदावर जपून. आयएसओ 9000:2015 मध्ये नॉनकन्फॉर्मिटी आणि डिफेक्ट यांत फरक केला आहे. ठरलेली अट पाळली गेली नाही की नॉनकन्फॉर्मिटी. त्या त्रुटीचा संबंध वस्तूच्या वापराशी असेल तरच डिफेक्ट. हा फरक नुकसानभरपाईच्या कायद्यासाठी महत्त्वाचा आहे, असं त्या मानकातच नमूद आहे. जुने क्वालिटीवाले नव्या मुलाच्या रिपोर्टमधला डिफेक्ट खोडून नॉनकन्फॉर्मिटी लिहायला लावतात, ते याचसाठी. शेजारच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअर तपासणारे हीच साखळी वेगळ्या नावांनी सांगतात: माणसाची एरर, तिच्यामुळे कोडमध्ये डिफेक्ट, त्यामुळे चालताना फेल्युअर.

कितीही वेडीवाकडी संख्या भरली तरी ती मुकाट्याने स्वीकारणारी पद्धत, तो फ्लॉ. फ्लॉ घडत नाही, तो आधीपासून आत असतो: हिऱ्यात, युक्तिवादात, डिझाइनमध्ये, स्वभावात. आपण ‘खोट’ म्हणतो त्याच्या अगदी जवळ. रिपोर्टमध्ये मूळ कारण म्हणून ‘ऑपरेटर मिस्टेक’ लिहिलं की जाणकार गिऱ्हाईक तो परत पाठवतो, कारण त्याला हा फ्लॉ हवा असतो. तो सापडला की ऑफसेटला मर्यादा घालता येते आणि पुढच्या पाळीतला मुलगाही वाचतो.

फॉल्ट सर्वांत फसवा. वीज गेली की लाइनमन शोधतो तो फॉल्ट आपल्या ओळखीचा आहे. माणसाला लावताना मात्र एकवचन-अनेकवचनाने अर्थ पालटतो. ‘इट इज माय फॉल्ट’ म्हणजे या घटनेची जबाबदारी माझी. ‘माय फॉल्ट्स’ म्हणजे माझ्या स्वभावातले दोष. मराठीत ‘दोष’ दोन्हीकडे चालतो, म्हणून घोटाळा होतो. ‘आय हॅव अ फॉल्ट इन धिस डिले’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला अर्थच लागत नाही. तिथे ‘द डिले वॉज पार्टली माय फॉल्ट’ हवं, आणि ते ‘पार्टली’ खरं असेल तर लिहायला संकोच करू नये.

ब्लेम कुठल्याच वस्तूत किंवा कृतीत नसतो. तो मागाहून, दुसऱ्यांकडून येतो: ठपका, बोल. त्यामुळे फॉल्ट एकाचा आणि ब्लेम दुसऱ्यावर, असं होऊ शकतं, आणि कारखान्यात होतंही. ‘आय टेक द ब्लेम’ लिहिणारा सुपरवायझर ऑफसेट आपण भरला असं म्हणत नाही, तो ठपका स्वतःवर घेतो. ‘ब्लेम ऑन मी’ ही रचनाही अर्धवट आहे: एक तर ‘ब्लेम मी फॉर इट’, नाही तर ‘ब्लेम इट ऑन मी’.

गिल्टी आणि नेग्लिजन्स हे दोन शब्द रोजच्या ईमेलमध्ये आणूच नयेत. गिल्टी हा कोर्टाचा किंवा मनाचा शब्द. ‘मला अपराधी वाटतं’ हे मित्राला सांगावं. नेग्लिजन्स म्हणजे अपेक्षित काळजी न घेणं, आणि ते सिद्ध व्हावं लागतं. जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांबाबत स्पष्ट केलं की निदानातली किंवा निर्णयातली चूक म्हणजे आपोआप नेग्लिजन्स ठरत नाही, आणि फौजदारी गुन्ह्यासाठी तर तो फार ढोबळ, गंभीर असायला हवा. न्यायालय एवढं तोलून जो शब्द वापरतं, तो स्वतःबद्दल घाईत ‘ड्यू टू माय नेग्लिजन्स’ असा लिहून टाकणारी मुलं पाहिली की वाईट वाटतं. साधं विसरायला झालं असेल तर ‘ओव्हरसाइट’ पुरेसा आहे.

राहिला अप्रेझल फॉर्म. इथे घटना नसते, माणूस असतो, म्हणून मिस्टेक आणि एरर बाहेर. डिफेक्ट माणसाला लावला की कानाला क्रूर लागतो. ‘ड्रॉबॅक’ योजनेला किंवा वस्तूला असतो. ‘माय ड्रॉबॅक इज’ हे आपल्याकडे फार चालतं, पण ते बदलावं. ‘वीकनेस’ म्हणजे जिथे आपण कच्चे आहोत ती जागा. ‘शॉर्टकमिंग’ म्हणजे अपेक्षेच्या मापाला कमी पडणं, आपली ‘उणीव’. ‘फेलिंग’मध्ये स्वभावाची छटा येते, ते वरिष्ठाच्या हाती देण्याची गरज नाही. ड्रॉइंग वाचता येतं पण गिऱ्हाइकासमोर बोलताना अडखळायला होतं, एवढंच सांगायचं असेल तर वीकनेस लिहावं, आणि त्याच ओळीत कुठल्या कामात ते आड आलं तेही लिहावं.