न कापता गळणारी गाठ

आता लहान आतड्याकडे येऊ. लांबी साधारण 6 मीटर, भिंत पातळ, आणि वळणं तर विचारूच नका. नेहमीची दुर्बीण तिथे फार आत पोचत नाही. 2001 साली जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी दोन फुग्यांची दुर्बीण मांडली. फुगे आळीपाळीने फुगवून आतड्याला आतून धरायचं आणि सदऱ्याच्या बाहीसारखं नळीवर चुणत घ्यायचं. म्हणजे दुर्बीण पुढे सरकते तितकंच आतडंही मागे येतं!

प्यूट्झ-जेगर्स या आनुवंशिक विकारात इथे पॉलिप, म्हणजे बहुधा देठ असलेल्या गाठी, पुन्हा पुन्हा होतात. मोठी गाठ आतड्याला आतड्यात ओढते, वाट बंद होते, पोट उघडावं लागतं. आतडं कापत गेलं तर उरणार किती? म्हणून 15 ते 20 मिलिमीटरच्या पुढची गाठ आधीच काढतात. तारेचा फास टाकून विजेने कापणं ही रूढ रीत. दुसरीत देठाला क्लिप लावून किंवा फास आवळून तसंच सोडतात. रक्तपुरवठा तुटतो, गाठ आपोआप गळते. रक्तस्रावाचा, भोक पडण्याचा धोका कमी, आणि एका बैठकीत अनेक गाठी होतात. पण गळालेली गाठ तपासायला हाती येत नाही. ज्ञानमीमांसा शिकवण्यात आयुष्य गेलेल्या आम्हाला हा सौदा स्वस्त वाटत नाही. संशयास्पद दिसणारी गाठ मात्र कापूनच बाहेर आणावी लागते.