विक्री यंत्राची नव्हे, यंत्राच्या कामाची

कारखान्यात वस्तू तयार व्हावी, ग्राहकाने किंमत मोजून ती न्यावी आणि व्यवहार तेथेच संपावा, ही उद्योगधंद्याची रूढ रीत आहे. पुढे यंत्र बिघडले तर दुरुस्तीचा भुर्दंड ग्राहकावर पडतो आणि सुटे भाग बहुधा त्याच कारखानदाराकडून घ्यावे लागतात. यंत्र जितके लवकर झिजेल तितकी कारखानदाराची मिळकत वाढावी, अशी ही काहीशी विचित्र स्थिती होय. ती पालटणारा एक मार्ग गेल्या काही दशकांत अनेक कंपन्यांनी स्वीकारला आहे. तो म्हणजे यंत्राऐवजी यंत्राचे काम विकणे.

कागदपत्रांच्या नकलांना आपल्याकडे ज्या कंपनीचे नाव कायमचे चिकटले, त्या झेरॉक्सचे ‘९१४’ हे यंत्र १९५९ मध्ये आले. ते महाग असल्याने कंपनीने ते मुख्यतः भाड्याने दिले आणि काढलेल्या प्रतींच्या संख्येनुसार आकार घेतला. परंतु या पद्धतीचे खरे स्वरूप दिसते ते विमानांच्या इंजिनांत. ब्रिटनमधील ब्रिस्टल सिडली या कंपनीने १९६२ मध्ये आपल्या ‘व्हायपर’ इंजिनासाठी उड्डाणाच्या दर तासामागे ठराविक रक्कम घेण्याची योजना सुरू केली. त्या मोबदल्यात इंजिनाची देखभाल व बदली कंपनीने पाहावयाची होती. १९६६ मध्ये ही कंपनी रोल्स-रॉईसकडे गेली. तिने पुढे मोठ्या प्रवासी विमानांच्या इंजिनांनाही हीच पद्धत लागू केली.

येथे हितसंबंधांची दिशाच बदलते. विमान जमिनीवर उभे राहिले की विमान कंपनीबरोबर इंजिन बनविणाऱ्याचेही उत्पन्न थांबते. त्यामुळे इंजिन अधिक टिकावे, बिघाड होण्यापूर्वीच कळावा, यासाठी कारखानदार स्वतः झटतो. चालू इंजिनांतील तापमान व कंपने यांची माहिती दूरवरून तपासण्याची व्यवस्था त्यातूनच वाढीस लागली.

मात्र या व्यवहारात कारखानदाराची जोखीमही वाढते. रोल्स-रॉईसच्या ‘ट्रेंट १०००’ इंजिनांतील काही पाती २०१६ च्या सुमारास अपेक्षेपेक्षा लवकर खराब होऊ लागली, तेव्हा दुरुस्तीचा मोठा बोजा कंपनीलाच सोसावा लागला. २०२० मध्ये कोविडच्या साथीने विमाने जमिनीवर खिळली आणि उड्डाणांच्या तासांवर अवलंबून असलेले तिचे उत्पन्न एकाएकी घटले. त्या वर्षी मे महिन्यात कंपनीने सुमारे ९,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले.

आपल्याकडे हा विचार शहरी बससेवेच्या रूपाने आला. केंद्र शासनाच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या विद्युत वाहन योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परिवहन संस्थांनी बस विकत न घेता दर किलोमीटरमागे मोबदला देण्याची पद्धत अवलंबिली. पुण्यातही त्याच वर्षी अशा बस धावू लागल्या. बस, तिची बॅटरी व देखभाल ही पुरवठादाराची जबाबदारी; मार्ग व तिकिटाचे दर ठरविणे संस्थेकडे. संस्थेला एकदम मोठे भांडवल गुंतवावे लागत नाही, हा लाभ निर्विवाद आहे.

तथापि करारातील बारीक अक्षरे वाचली पाहिजेत. पुरवठादाराला बहुधा किमान किलोमीटरची हमी दिलेली असते; रस्ता खोदला गेला किंवा प्रवासी रोडावले तरी हमीचे पैसे द्यावे लागतात. किलोमीटरची नोंद कोण ठेवणार आणि फेरी रद्द झाल्यास कपात किती, हेही आधीच ठरलेले बरे. पथदिवे वा जलशुद्धीकरण यंत्रे देखभालीसह पुरविण्याचा प्रस्ताव ग्रामपंचायतीपुढे आला, तर हेच प्रश्न विचारावे लागतील. दिवे बसविल्याबद्दल पैसे द्यावयाचे की ते प्रत्यक्ष जळल्याबद्दल, यात फार अंतर आहे.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. असे करार दहा-बारा वर्षांचे असतात. तेवढ्या अवधीत संस्थेच्या स्वतःच्या कार्यशाळेतील जाणते कारागीर निवृत्त होतात. मुदत संपल्यावर यंत्रे पुरवठादाराने परत नेली, तर नवी यंत्रे सांभाळण्याचे कसब संस्थेकडे उरलेले नसते. नवा करार करताना मग पुरवठादाराने सांगितलेला दर योग्य की अवाजवी, हे पारखणारा माणूसही घरात सापडत नाही.