मुकं गिऱ्हाईक

माझ्या पायमशीनवर कित्येक वर्षं फुलदाणी ठेवलेली होती. मुलं मोठी झाली, कपडे तयार मिळू लागले आणि मशीनचं नुसतं शोभेचं टेबल झालं. ती फुलदाणी उचलली गेली आमच्या राणीमुळे. राणी म्हणजे आमची कुत्री.

तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालं. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं आलं. बिचारी दारांना धडके, पाणी पिता येईना. टाके सुकायला 10 ते 14 दिवस लागणार! अखेर मी यजमानांचा जुना सुती बनियन घेतला, पोटाशी दुहेरी कापड लावलं, पाठीवर नाड्या दिल्या आणि झगा शिवला. राणी तो घालून शांत झोपली. मला मात्र आनंदानं झोप आली नाही!

जनावरांच्या डॉक्टरांनी तो पाहिला आणि विचारलं, "आणखी एक शिवाल?" झालं, दारात गिऱ्हाइकं येऊ लागली. माप घ्यायचं ते गळ्याचं, छातीचं आणि मानेच्या मुळापासून शेपटीपर्यंत पाठीचं. आखूड पायांच्या डॅशहुंडची पाठ एवढी लांब की पहिला झगा चक्क अर्ध्यातच संपला.

एक चूक मात्र अजून सलते. एका पिल्लाच्या पट्ट्याला हौसेनं घुंगरू लावलं. त्यानं ते चावून गिळलं. सुदैवानं दुसऱ्या दिवशी ते बाहेर पडलं, पण तोवर माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तेव्हापासून घुंगरू नाही, टिकली नाही, टिचबटणही नाही. पट्टा आणि गळा यांत दोन बोटं सहज जायला हवीत. मांजराच्या पट्ट्याला तर ओढ बसताच सुटणारा चापच हवा. फांदीत अडकलं, तर जीव वाचतो.

शिवण जमली, पण पैसे मागणं जमेना. "किती झाले?" विचारलं की मी म्हणे, "अहो, जुन्या कापडाचं काय घ्यायचं!" एकदा लेक म्हणाली, "आई, शिंप्याला असं म्हणतेस का गं?" मी गप्पच झाले. आयुष्यभर घरासाठी शिवलं, त्या तासांची मोजदाद मीही कधी केली नव्हती. त्या दिवशी वही घातली. कापड, दोरा, नाडी आणि माझे तास, सगळं त्यात मांडलं. पहिली कमाई देवापुढे ठेवताना हात थरथरला.

माहेरी मराठवाड्यात श्रावणी अमावस्येला पोळा. आदल्या दिवशी खांदेमळणी, जुवानं घासलेल्या खांद्यांना हळद-लोणी. आजी बैलांच्या झुली शिवे, आरसे लावी, गोंडे लावी, पण खांद्यावर शिवण येऊ देत नसे. म्हणे, "त्याला टोचलं तर तो सांगणाराय का?"

तेच माझं दुकान झालंय बघा. पैसे देणारा रंग पाहतो, घालणारा फक्त टोचतंय का ते पाहतो. तो कौतुक करत नाही, तक्रारही नाही. झगा चढवला की अंग एकदा झाडतो. मग खाजवू लागला, तर मी मुकाट्यानं शिवण उसवते. आणि वेटोळं करून झोपला, की समजावं, दाम वसूल झाले.