उन्हाळ्यातली वीण

लातूरच्या उन्हाळ्यात दुपारी दारे-खिडक्या लावून घ्यायच्या आणि क्रोशाची सुई हाती धरायची, हा माझा जुना नेम. नांदेडच्या भाचीच्या रुखवतासाठी लेस विणायला घेतली होती. दिवसाकाठी जेमतेम वीतभर व्हायची. एक खांब चुकला की पुन्हा उसवा!

त्यातच एप्रिल २०१६ उजाडला. गावाला मिरजेहून आगगाडीने पाणी आले. पहिल्या खेपेस सुमारे ५ लाख लिटर. घामेजल्या हातांनी मळलेली लेस धुवायची तरी कशाने? भांडी विसळलेले पाणी तेवढे अंगणातल्या आंब्याला जाई. कैऱ्या गळल्या, पण झाड तगले.

पावसाळा लागल्यावर लेस धुतली; ते पाणीही आंब्यालाच घातले. पुढच्या वैशाखात रुखवतात लेस मांडली, तेव्हा शेजारी त्याच आंब्याची पाटी होती!