ध्वनीचा कारभारी

रात्री शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लावून बसणाऱ्या महाराष्ट्रातील एका पिढीला दूरच्या आवाजाची भरती-ओहोटी आजही स्मरत असेल. आयनांबरावरून परावर्तित होऊन निरनिराळ्या वाटांनी येणाऱ्या लहरी कधी एकमेकींना बळ देतात, कधी एकमेकींना खोडून काढतात, आणि त्यामुळे एरियलवरचा संदेश घटकेत प्रबळ तर घटकेत क्षीण होतो. असे असूनही गाणे बऱ्याच अंशी एका पातळीवर ऐकू येई, याचे श्रेय ज्या मंडलाला आहे त्याला रेडिओ दुरुस्त करणारे ए.व्ही.सी. म्हणत, पुढे ए.जी.सी. हे नाव रूढ झाले.

अमेरिकेतील हेझेल्टाइन कंपनीचा हॅरोल्ड व्हीलर हा तरुण अवघा 22 वर्षांचा असताना, 1926 च्या जानेवारीत, त्याने हे मंडल डायोडच्या साहाय्याने सिद्ध केले, आणि 1929 सालच्या फिल्को 95 या सेटमधून ते घरोघर पोहोचले. पुढे 1941 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याचे पेटंट रद्दबातल ठरवले. पण कायद्याचा निकाल काहीही असो, ज्या काटकसरीने त्याने एकाच डायोडकडून ध्वनी वेगळा काढण्याचे आणि प्रवर्धनाला लगाम घालण्याचे अशी दोन्ही कामे करून घेतली, ती काटकसर मला आजही थोर वाटते.

डायोडवर संदेशाच्या बळाच्या प्रमाणात ऋण व्होल्टेज तयार होते. ते रेझिस्टन्स आणि कंडेन्सरमधून गाळून आधीच्या व्हॉल्व्हांच्या ग्रिडांना पोहोचवले, की संदेश प्रबळ होताच त्या व्हॉल्व्हांचे प्रवर्धन आपोआप घटते. सारी मख्खी आहे ती या गाळणीत. 10 लाख ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरॅड ही नेहमीची जोडी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा विलंब लावते. तो फार कमी केला तर मंडल डग्ग्याचा खर्जसुद्धा संदेशाचा चढउतार समजून दाबून टाकते. फार वाढवला तर स्टेशन बदलल्यावर कान किटेपर्यंत आवाज ओरडतो, किंवा बराच वेळ मुका राहतो.

एकदा एक जुना व्हॉल्व्ह सेट दुरुस्त करताना, गाळणी जितकी दाट तितकी चांगली अशा समजुतीने, मी तिच्या दुसऱ्या टप्प्यातील 1 लाख ओहम आणि 0.01 मायक्रोफॅरॅड काढून तेथेही पहिल्यासारखीच जोडी बसवली. काटा स्थानिक केंद्रावर येताच आवाज एकदम दबे, पुन्हा उसळे, आणि दोन-तीन हेलकावे खाऊन मग स्थिर होई. मॅजिक आयची हिरवी पाकळी त्याच तालावर मिटे आणि उघडे. दूरच्या दुबळ्या केंद्रावर मात्र हा उपद्रव जाणवत नसे, कारण संदेश जितका प्रबळ तितकी या नियंत्रणाची पकडही घट्ट.

दोष कोणत्याही एका सुट्या भागात नव्हता. मागे फिरणारा हुकूम दोन सारख्या दिरंगाईंतून जाऊ लागला, की तो ग्रिडवर रुजू होईपर्यंत परिस्थिती पालटलेली असते, आणि दाबण्याची गरज सरल्यावरही दाबणे चालूच राहते. तिसरी तशीच दिरंगाई भरीला पडली, तर हे हेलकावे थांबण्याचे नावच घेणार नाहीत. म्हणून जाणता रचनाकार एकाच विलंबाला मुख्य ठेवतो आणि बाकीचे त्याच्या तुलनेने नगण्य करतो. अरुंद क्रिस्टल फिल्टर असलेल्या रिसीव्हरमध्ये त्या फिल्टरचा विलंबही हिशेबात धरावा लागतो, ही गोष्ट पुष्कळदा नजरेतून सुटते. 1960 साली व्हिक्टर आणि ब्रॉकमन यांनी हे सारे गणित डेसिबलच्या भाषेत मांडले. प्रवर्धन नियंत्रक व्होल्टेजबरोबर डेसिबलमध्ये सरळ रेषेत बदलत असेल, तर संदेश लहान असो वा मोठा, मंडल स्थिरावण्यास सारखाच वेळ घेते, हे त्यातून स्पष्ट झाले.

मी दुसऱ्या टप्प्याची मूळची जोडी पुन्हा डाग देऊन जागेवर बसवली आणि काटा त्याच केंद्रावर आणला. हिरवी पाकळी एकदाच मिटली, आणि बातम्या संपेपर्यंत तशीच राहिली.