शेपटीतलं चाक

संपादकांना हवा होता मिग-२१च्या निरोपाचा लेख. २६ सप्टेंबर २०२५ला हे विमान चंदीगडला हवाई दलातून निवृत्त झालं. यातली कित्येक विमानं नाशिकजवळच्या ओझरला तयार झाली, तेव्हा महाराष्ट्राने त्यावर लिहायलाच हवं, असा त्यांचा आग्रह. मी कागद चाळायला बसलो आणि विमान बाजूलाच राहिलं. त्याच्या पंखाखाली टांगलेल्या के-१३ या क्षेपणास्त्राच्या शेपटीत एक चाक दिसलं, आणि तिथेच अडकलो.

तळहातावर मावेल एवढं चाक, कडेला खाचा पाडलेल्या. मागच्या चार पात्यांपैकी प्रत्येकाच्या टोकाला बिजागरीवर हलणारी एक छोटी झडप असते आणि तिच्यात हे चाक बसवलेलं असतं. अर्धं आत, अर्धं वाऱ्यात. नाव रोलरॉन. खोपोलीच्या माणसाला ते समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत. तिथल्या टाटांच्या वीजघरात १९१५ पासून घाटावरचं पाणी नळांतून उतरतं, पेल्टन चाकाच्या कडेवरच्या वाट्यांवर आदळतं आणि चाक गरगर फिरतं. इथे पाण्याच्या जागी वारा, एवढाच फरक.

पण वीज निर्माण करणं हे या चाकाचं काम नाही. त्याचं काम क्षेपणास्त्राला स्वतःभोवती लोळू न देणं. पुढच्या टोकाला बसवलेला सीकर, म्हणजे उष्णता शोधणारा भाग, ‘लक्ष्य वर आहे’, ‘लक्ष्य डावीकडे आहे’ एवढंच सांगतो आणि त्यानुसार पुढची पाती वळतात. नळकांडं वेगाने गिरक्या घेत असेल, तर पाती वळेपर्यंत ‘वर’चं ‘खाली’ झालेलं असतं. आता रोलरॉन बघा. विमानाच्या वेगातच वारा लागून चाक फिरू लागतं आणि त्याचा जायरोस्कोप होतो. क्षेपणास्त्र लोळायला लागलं, की हा जायरोस्कोप आपल्या स्वभावाप्रमाणे काटकोनात कलतो. त्यासरशी झडप वाऱ्यात वळते आणि वारा क्षेपणास्त्राला उलट बाजूने रेटतो. तार नाही, बॅटरी नाही, हिशेब करणारं काही नाही. मला तर या अस्त्रातल्या इतर कशाहीपेक्षा हे जास्त देखणं वाटलं. जीव घेण्यासाठी बनवलेल्या वस्तूचं असं कौतुक करताना अवघडल्यासारखं होतं, पण करतोय खरं.

अधिकृत इतिहास थोडक्यात. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, चायना लेक इथल्या नौदलाच्या केंद्रात विल्यम मॅक्लीन यांच्या चमूने साइडवाइंडर हे क्षेपणास्त्र घडवलं. १९५३ मध्ये त्याने पहिल्यांदा लक्ष्य टिपलं, १९५६ मध्ये ते सेवेत आलं. २४ सप्टेंबर १९५८ला तैवानच्या सेबर विमानांनी ते चिनी मिग-१७वर सोडलं. त्यातलं एक न फुटताच विमानाच्या अंगात रुतून बसलं आणि विमान तसंच तळावर परतलं. पुढे ते क्षेपणास्त्र सोव्हिएत अभियंत्यांच्या हाती गेलं आणि त्याची जवळपास हुबेहूब नक्कल झाली. तीच के-१३. चाकं तीच, १२७ मिलिमीटरचा व्यासही तोच.

म्हणजे १९६५च्या युद्धात पाकिस्तानच्या काही सेबर-स्टारफायटर विमानांवर मूळ साइडवाइंडर आणि आपल्या मिगवर त्याची रशियन नक्कल होती. ४ सप्टेंबरला पठाणकोटच्या बाजूला विंग कमांडर एम. एस. डी. वोलन यांनी एका सेबरवर के-१३ सोडली, पण ती लागली नाही. हेच वोलन पुढे एचएएलचे, म्हणजे ओझरच्या कारखान्याच्या मालक कंपनीचे अध्यक्ष झाले. त्या काळच्या सीकरला शत्रूच्या इंजिनाचा तापलेला मागचा भागच तेवढा दिसायचा. त्यामुळे नेमकं मागे जावं लागायचं, आणि जमिनीलगत तापलेल्या मातीने किंवा समोरच्या सूर्याने तो सहज फसायचा. मिग-२१एफएलला तर अंगची तोफही नव्हती. ती पोटाखाली बाहेरून लावावी लागली आणि १२ डिसेंबर १९७१ला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भरत भूषण सोनी यांनी स्टारफायटर पाडलं ते त्याच तोफेने.

मग ही चाकं गेली कुठे? पुण्याच्या लोहगाव तळावर २००२ मध्ये सुखोई-३०एमकेआय दाखल झालं. त्याच्यासोबतच्या आर-७३ला रोलरॉन नाहीत. सुमारे १०५ किलोचं हे क्षेपणास्त्र वळतं ते पात्यांनी आणि रॉकेटच्या झोतात घातलेल्या झडपांनीही. त्यामुळे सुटल्या सुटल्या, वेग कमी असतानाच, ते झपकन मान वळवतं. सीकर थंड ठेवलेला असल्याने समोरून येणारं विमानही त्याला दिसतं. वैमानिकाने शिरस्त्राणातून नुसतं कडेला बघायचं, नाक वळवायची गरज नाही. १९९०च्या एकीकरणानंतर पूर्व जर्मनीची मिग-२९ आणि आर-७३ पश्चिमेच्या हाती आली, तेव्हा आपण मागे पडलोय हे नाटोच्या वैमानिकांना कळून चुकलं. आपल्या तेजस विमानाने २५ ऑक्टोबर २००७ला गोव्याच्या किनाऱ्याजवळ पहिल्यांदा सोडलं तेही आर-७३च.

इथून पुढे कौतुक जरा आवरायला हवं. माहितीपत्रकात आर-७३चा पल्ला ३० किलोमीटर लिहिलेला असतो. तो उंचावर, शत्रू समोरून अंगावर येत असताना. शत्रू पळत असेल आणि हवा खालची दाट असेल, तर त्यातले थोडेच किलोमीटर हाती लागतात. इंजिन काही सेकंदच जळतं, पुढचा प्रवास मिळालेल्या वेगाच्या पुंजीवर. प्रत्येक वळण ती पुंजी खातं. त्यात शत्रू सीकरला चकवायला जळते फ्लेअर सोडतो. जून २०१७ मध्ये सीरियावर अमेरिकी विमानाने सोडलेलं अत्याधुनिक एआयएम-९एक्ससुद्धा एका जुन्या सुखोई-२२वर चुकलं आणि दुसरं, रडारवर चालणारं क्षेपणास्त्र वापरावं लागलं.

खरी अडचण सीकरची आहे. जुना सीकर उष्णतेचा एक ठिपका बघायचा. नवा अख्खं चित्र बघतो आणि फ्लेअर कोणतं, विमान कोणतं हे ओळखतो. असं चित्र घेणारी संवेदकांची जाळी बनवणं मोजक्याच देशांना जमतं. घन इंधनाचं ज्ञान आपल्याकडे आहे. पुण्याच्या सुतारवाडीतली एचईएमआरएल ही प्रयोगशाळा १९६० पासून त्या कामात आहे. ‘नाग’ या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राचा उष्णतेचं चित्र बघणारा सीकरही आपण बनवला. लांब पल्ल्याचं ‘अस्त्र’ तयार आहे. पण विमानांच्या जवळच्या झुंजीसाठी आपण रशियाची आर-७३, जग्वारच्या पंखावर बसणारी ब्रिटनची एस्रॅम, फ्रान्सची मिका आणि तेजससाठी इस्रायलची पायथन वापरतो किंवा वापरू पाहतो. एका कामासाठी चार देश, म्हणजे चार प्रकारचे सुटे भाग, चार आयुर्मर्यादा आणि चार राजकारणं. इंधन आणि सीकर साठवणीतही म्हातारे होतात, ठरावीक वर्षांनी क्षेपणास्त्र तपासावं तरी लागतं नाहीतर काढून टाकावं लागतं, आणि त्यासाठीही पुन्हा त्याच दारांवर जावं लागतं.

एस्रॅमची जुळणी भारतात व्हावी म्हणून २०२१ मध्ये भारत डायनॅमिक्सने परदेशी कंपनीशी करार केला. करार चांगलाच आहे, पण जुळणी म्हणजे रचना नव्हे. ओझरला मिग जुळवता जुळवता आपण हे एकदा शिकलो आहोत. हवाई दलाकडे आज जवळच्या पल्ल्याचं पूर्णपणे भारतीय रचनेचं एकही हवेतून हवेत मारा करणारं क्षेपणास्त्र सेवेत नाही.