लांब केसांच्या पिल्लाची निगा : सौंदर्यापेक्षा आरोग्याचा प्रश्न

शित्झू, ल्हासा आप्सो, पोमेरेनियन किंवा गोल्डन रिट्रीव्हर जातीचे पिल्लू घरी येते, तेव्हा त्याचे मऊ, दाट केस हा सर्वांच्या कौतुकाचा विषय असतो. त्या वयात केसांना फारशी निगा लागत नाही. बोटे फिरवली तरी ते मोकळे होतात. सहा-आठ महिन्यांनी चित्र पालटते. कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत गाठी धरू लागतात, अंगाला कुबट वास येऊ लागतो आणि पिल्लू सतत खाजवू लागते. अनेक घरांत या टप्प्यावर ‘पिल्लू घाणेरडे झाले’ असा समज होतो व त्याची रवानगी गॅलरीत किंवा अंगणात होते. वस्तुतः पिल्लात दोष नसतो. केसांची निगा वेळीच सुरू न केल्याचा तो परिणाम असतो.

गोव्यात हा प्रश्न अधिक तीव्र होण्याचे कारण हवामानात आहे. ल्हासा आप्सो आणि शित्झू यांचे मूळ तिबेटच्या थंड, कोरड्या पठाराशी जोडले जाते. पोमेरेनियनचे पूर्वज उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशातील स्पिट्झ गटाचे कुत्रे होते, तर गोल्डन रिट्रीव्हर १९व्या शतकात स्कॉटलंडमध्ये विकसित झाला. थंडीपासून रक्षण करणारे हे केस वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या, दमट किनारपट्टीवर आले की ओलावा धरून ठेवतात. त्यामुळे येथे केसांची निगा ही हौस नव्हे, तर लसीकरणाइतकीच आवश्यक बाब ठरते.

केसांचा प्रकार ओळखावा

सर्व लांब केस सारखे नसतात. पोमेरेनियन व गोल्डन रिट्रीव्हर यांच्या अंगावर केसांचे दोन ठळक थर असतात. वरचे केस लांब व काहीसे राठ, तर खाली कापसासारखी मऊ लव. ही लव ठरावीक काळाने मोठ्या प्रमाणात गळते. गळलेली लव विंचरून काढली नाही, तर ती वरच्या केसांत अडकून नमद्यासारखा थर तयार होतो. शित्झू, ल्हासा आप्सो, माल्टीज यांचे केस मात्र माणसाच्या केसांप्रमाणे दीर्घकाळ वाढत राहतात. ते घरभर कमी गळतात, म्हणून फ्लॅटमध्ये राहणारी कुटुंबे त्यांना पसंती देतात. परंतु सुटलेले केस खाली न पडता आतच गुंतत असल्याने त्यांना जवळपास रोज विंचरावे लागते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पिल्लाचे मऊ केस जाऊन प्रौढ केस येण्याचा काळ साधारणतः सहा महिन्यांपासून वर्षभराच्या वयापर्यंत असतो. या काळात जुने व नवे केस एकमेकांत अडकतात आणि गुंत्याचे प्रमाण एकदम वाढते. आठवड्यातून दोनदा विंचरून भागत होते, तिथे आता रोज दहा मिनिटे द्यावी लागतात. हा टप्पा निभावला की पुढचे काम पुष्कळ सोपे होते.

सवय पहिल्या महिन्यांतच

पिल्लाच्या आयुष्यातील तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ नवे स्पर्श, आवाज व माणसे स्वीकारण्याचा असतो. या वयात पंजा हातात धरणे, कान उलटून पाहणे, ओठ उचलून दात पाहणे या गोष्टी खेळता खेळता करून घेतल्या, तर मोठेपणी कुत्रा विंचरताना चावत नाही. सुरुवातीला ब्रश केवळ अंगावरून फिरवावा, दोन मिनिटांत थांबावे आणि आवडीचा खाऊ द्यावा. पिल्लू कंटाळण्याआधी थांबणे महत्त्वाचे. एकदा ओढाताण होऊन दुखले, तर ब्रश दिसताच ते पलंगाखाली दडते आणि ही भीती घालवायला महिने लागतात.

लसीकरणाचा क्रम पूर्ण होईपर्यंत पिल्लाला ग्रूमिंग पार्लरमध्ये नेऊ नये. पार्व्हो व डिस्टेम्पर हे प्राणघातक आजार इतर कुत्र्यांच्या संपर्कातून आणि वापरलेल्या साहित्यातूनही पसरू शकतात. तोवरची निगा घरीच राखावी.

आधी विंचरणे, मग आंघोळ

साहित्य फार लागत नाही. बारीक वाकड्या तारांचा ब्रश, एका बाजूला विरळ व दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला स्टीलचा कंगवा आणि बोथट टोकाची छोटी कात्री एवढे पुरे. ब्रश केवळ वरवर फिरवल्यास वरचे केस चमकतात, पण कातडीलगत गुंता तसाच राहतो. म्हणून एका हाताने केस वर धरून, भांग पाडावा तसा खालून एकेक थर सोडवत मुळापासून टोकापर्यंत विंचरावे. शेवटी कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडकता गेला, तरच काम पूर्ण झाले असे समजावे.

गाठ आढळल्यास ती मुळाशी बोटांनी घट्ट धरावी, म्हणजे कातडी ओढली जात नाही. त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनी ती उकलावी आणि कंगव्याच्या टोकाने कडेकडेने सोडवावी. सुटत नसेल, तर कात्री थेट गाठीखाली घालू नये. गाठीत ओढली गेलेली पातळ कातडी केसांबरोबरच कापली जाते आणि पशुवैद्यकाकडे टाके घालण्याची वेळ येते. गाठ व कातडी यांच्यामध्ये कंगवा आडवा सरकवून त्याच्या वरच्या बाजूनेच कापावे.

गुंता न सोडवता आंघोळ घालणे ही सर्वत्र दिसणारी चूक आहे. पाणी लागून वाळताना गाठ अधिक आवळते, शाम्पू आत अडकून राहतो आणि आठवडाभरात तिथली कातडी लाल होते.

माणसांचा शाम्पू नको

कुत्र्याच्या कातडीचा बाह्य थर माणसाच्या तुलनेत बराच पातळ असतो. माणसाची त्वचा आम्लधर्मी, तर कुत्र्याची त्वचा उदासीनतेच्या जवळ जाणारी असते. त्यामुळे माणसांसाठीचा साबण किंवा शाम्पू, अगदी लहान बाळांसाठीचा असला तरी, नियमित वापरासाठी योग्य नाही. वास जावा म्हणून पाण्यात फिनाईल किंवा जंतुनाशक द्रव मिसळण्याचा प्रकार तर धोकादायक आहे. पिल्लू अंग चाटते आणि ती रसायने पोटात जातात. कापूर, डांबरगोळ्या व टी ट्री तेल हेही कुत्र्यांसाठी विषारी ठरू शकतात. घरचे म्हणून खोबरेल अंगभर चोळण्यानेही लाभ होत नाही; तेलकट केसांवर लाल माती बसते आणि गुंता वाढतो.

आठ आठवड्यांखालील पिल्लाला शरीराचे तापमान नीट राखता येत नाही, म्हणून त्याला आंघोळ न घालता कोमट ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. त्यानंतर, पिल्लू निरोगी असेल तर, तीन ते चार आठवड्यांतून एकदा कोमट पाण्याने आंघोळ पुरेशी असते. कानात पाणी जाऊ देऊ नये, चेहरा ओल्या कपड्याने पुसावा आणि शाम्पूचा अंशही केसांत राहणार नाही इतके पाणी घालावे. समुद्रावर नेल्यास घरी आल्यावर गोड्या पाण्याने मीठ व वाळू धुऊन काढणे अत्यावश्यक आहे.

पावसाळ्यातील खरी कसोटी वाळवण्याची

जून ते सप्टेंबर या काळात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे दुहेरी थराचे केस आपोआप वाळतील अशी अपेक्षा चुकीची आहे. वरून कोरडा वाटणारा कुत्रा आतून तासन्‌तास ओला राहतो. या ओलाव्यात जिवाणू व यीस्ट वाढतात. कुबट वास, तपकिरी पडलेले पंजे आणि खाज ही त्याची लक्षणे. कधी कधी काही तासांत केस गळून ओलसर, लालभडक चट्टा उमटतो आणि चाटून चाटून तो पसरतो.

यासाठी आंघोळीनंतर किंवा पावसात भिजल्यावर टॉवेल चोळण्याऐवजी दाबून पाणी टिपावे. मग ड्रायरच्या मंद झोताने, यंत्र लांब धरून आणि मध्ये आपला हात ठेवून, थर उलटत केस वाळवावेत. पोट, काखा, बोटांच्या बेचक्या आणि कानांची मुळे शेवटी बोटांनी चाचपून पाहावीत. पावसाळ्यात आंघोळी कमी आणि विंचरणे अधिक, हे सूत्र उपयोगी पडते. पायांवरचे व पोटाखालचे केस थोडे आखूड ठेवल्यास फिरून आल्यावर केवळ पाय धुऊन पुसणे पुरते.

केसांआड दडलेले धोके

दाट केसांमुळे आजार लवकर दिसत नाही, हा लांब केसांच्या कुत्र्यांबाबतचा सर्वांत गंभीर मुद्दा आहे. गोचिडीतून एर्लिकिया व बबेसिया हे रक्ताचे आजार पसरतात. भूक मंदावणे, ताप, हिरड्या पांढुरक्या पडणे, नाकातून रक्त येणे किंवा लघवीचा रंग गडद तपकिरी होणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. उशीर जिवावर बेततो.

म्हणून रोज विंचरताना कानांच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या मधे, काखेत आणि जांघेत गोचिडी शोधाव्यात. सापडल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. चटका देणे, रॉकेल लावणे किंवा बोटांनी चिरडणे टाळावे. मादी गोचीड हजारो अंडी भिंतींच्या भेगांत आणि फरशीच्या सांध्यांत घालते. त्यामुळे केवळ कुत्र्यावर उपचार करून भागत नाही, त्याची बसण्याची जागाही साफ ठेवावी लागते. गोचीडनाशक औषध पशुवैद्यकाने वय व वजन पाहून दिलेलेच वापरावे. गोठ्यातील जनावरांसाठीचे औषध अंदाजाने पातळ करून पिल्लाला लावणे प्राणघातक ठरू शकते. कुत्र्यांच्या काही औषधांतील परमेथ्रिन मांजरांसाठी विषारी असते, हे दोन्ही प्राणी असलेल्या घरांनी ध्यानात ठेवावे.

दुसरा धोका जखमेत अळ्या पडण्याचा. गाठीखालच्या किंवा शेपटीखालच्या ओल्या जखमेवर माशी अंडी घालते आणि एक-दोन दिवसांत अळ्या मांस पोखरू लागतात. दुर्गंधी येईपर्यंत घरच्यांना पत्ता नसतो. शेपटीखालचे केस आखूड कापणे आणि शौचानंतर ती जागा पुसणे एवढ्याने हा धोका बराच टळतो.

पाऊस ओसरल्यावर डोंगरउतारांवरील गवत सुकते व त्याची कुसळे केसांना चिकटतात. ती बोटांच्या बेचकीतून किंवा कानातून आत शिरत जातात. माळरानावरून फिरून आल्यावर पिल्लू एकच पंजा चाटत असेल किंवा मान तिरकी करून डोके झटकत असेल, तर कुसळ गेल्याची शक्यता आधी तपासावी.

डोळे, कान, नखे

शित्झूच्या डोळ्यांत नाकावरचे केस टोचून पाणी वाहते. ते केस वर बांधावेत किंवा तज्ज्ञाकडून कापून घ्यावेत आणि डोळ्यांखालचा भाग रोज स्वच्छ ओल्या कापसाने पुसावा. डोळा मिटून घेणे किंवा त्यावर निळसर पांढरी छटा दिसणे ही तातडीने उपचार घ्यायची बाब आहे. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही. आठवड्यातून एकदा आत डोकावून वास घ्यावा, परंतु काड्या घालून कोरू नये. अंगठ्याचे नख जमिनीला टेकत नसल्याने झिजत नाही. केसांत लपलेले हे नख गोल वाढून मांसात शिरते, म्हणून ते दर महिन्याला पाहावे.

केसांचे आरोग्य अन्नावरही अवलंबून असते. केस बहुतांशी प्रथिनांचे बनलेले असतात, त्यामुळे केवळ भातावर वाढणाऱ्या पिल्लाचे केस निस्तेज होतात. उकडून काटे काढलेला बांगडा किंवा तारली अधूनमधून देण्यास हरकत नाही. मात्र उरलेले हुमण किंवा मसाल्याचे कालवण भातावर ओतू नये. त्यातील कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना अपाय करतात.

मुंडण करावे का?

उकाड्यात कुत्र्याला वस्तऱ्याने साफ करून आणण्याची पद्धत रूढ आहे. पोमेरेनियन व गोल्डन रिट्रीव्हर यांच्या बाबतीत ती टाळावी. त्यांचे केस उन्हापासूनही संरक्षण करतात आणि एकदा मुळापर्यंत कापले, तर काहींचे केस महिनोन्‌महिने परत येत नाहीत. त्यांची सुटलेली लव विंचरून काढली की हवा कातडीपर्यंत पोचते. शित्झू व ल्हासा यांचे केस मात्र दोन-तीन सेंटीमीटर ठेवून अंगभर आखूड कापणे येथील हवेत व्यवहार्य आहे. जमिनीला टेकणारे केस प्रदर्शनातील कुत्र्यांसाठी असतात. त्यामागे रोजची तासाभराची मेहनत असते.

संपूर्ण अंगावर गाठींचा थर बसला असेल, तर घरी ओढाताण न करता पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली केस काढून घेणे हेच दयेचे ठरते. गाठी कातडी सतत ओढत असतात. चालताना, बसताना, झोपताना त्या दुखतात, आणि कुत्रा चिडचिडा झाल्याची तक्रार होते तेव्हा कारण अनेकदा तेच असते. लांब केसांचे पिल्लू घेऊ इच्छिणाऱ्यांनी म्हणूनच किमतीआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा. पुढची बारा-चौदा वर्षे रोज दहा मिनिटे देणारे कोणी घरात आहे का? नसल्यास आखूड केसांचे, इथल्या हवेला सरावलेले गावठी पिल्लू तितकाच जीव लावते, आणि त्याला फणी क्वचितच लागते.